सांभाळणाऱ्याचीही नाडी पाहू या

या वेळी एका चुकीपासून आरंभ करतो. ती चूक माझीच आहे.

सासष्ट वर्षांच्या एक आजी मधुमेहासाठी माझ्याकडे येतात. येणे नियमित, गोळ्या नियमित, खाणेही बेताचे; तरी उपाशीपोटीची साखर दोनशेच्या खाली येत नव्हती. मी दोनदा औषध वाढविले. ‘आजी, गोड चोरून खाता की काय?’ अशी थट्टाही केली. त्यांच्यासोबत नऊ वर्षांचा नातू असे. त्याचे पोट वारंवार दुखे. मी पोट तपासले, जंतांचे औषध दिले. तो वर्गात झोपतो अशी शाळेची तक्रार आली, तेव्हा रक्त तपासून लोहाचे औषध दिले. दोघांचे दोन केसपेपर, दोघांवर दोन उपचार, आणि गुण कोणालाच नाही.

एके दिवशी दवाखान्यात गर्दी कमी होती. मी विचारले, “आजी, झोप कशी लागते?”

त्या हसल्या. “झोपू देतोय कुठं हा? रात्रीतनं तीन-चारदा हलवून उठवतो. ‘आजी, जागी आहेस ना?’ एवढंच विचारतो. मी हूं म्हटलं की झोपतो परत.”

त्याची आई, म्हणजे या आजींची मुलगी, चार वर्षांपूर्वी हृदयाच्या झडपेच्या आजाराने गेली. मध्यरात्री धाप लागली, शेजाऱ्यांच्या रिक्षातून रुग्णालयात नेले, आणि ती परत आली नाही. मुलगा त्या वेळी झोपेत होता. सकाळी उठला तेव्हा शेजारी आई नव्हती. ‘आई गावाला गेली’ असे त्याला सांगण्यात आले. वडील त्याआधीच व्यसनापायी घर सोडून गेले होते. पाच वर्षांच्या त्या जिवाने यातून स्वतःपुरता एक अर्थ काढला: आपण झोपलो की माणूस नाहीसा होतो. तेव्हापासून तो पहारा देत होता. त्याच्या पहाऱ्यामुळे आजीची झोप मोडत होती, मोडलेल्या झोपेने साखर चढत होती, आणि चढलेल्या साखरेची चर्चा ऐकून मुलाची भीती वाढत होती. आजार एकच होता. मी तो दोन कागदांवर लिहीत राहिलो.

आपल्यापैकी अनेक जण नातवंडांना, पुतण्या-भाच्यांना किंवा एखाद्या परक्या मुलाला सांभाळत असतील. आपल्या शेजारी तसे घर असेल. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडतो आहे.

आईवडिलांना मूल सांभाळणे अशक्य झाले, तर त्याला संस्थेत ठेवण्याऐवजी दुसऱ्या कुटुंबात काही काळ वाढविणे, याला आपल्याकडे प्रतिपालकत्व म्हणतात. ‘फॉस्टर केअर’ हा शब्दही त्यासाठी वापरतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात त्याची तरतूद आहे. मूल कोणत्या कुटुंबात द्यायचे याचा आदेश बालकल्याण समिती देते आणि पाहणी व देखरेखीचे काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. दत्तकविधानाशी याची गल्लत करू नये. दत्तक मूल कायमचे आपले होते. प्रतिपालकत्वात मूल आपल्या घरी असते, परंतु त्याच्या जन्मदात्यांची परिस्थिती सुधारली तर ते त्यांच्याकडे परत जावे, हाच मूळ हेतू असतो. आजीने नातवाला सांभाळणे हे कायद्याच्या भाषेत प्रतिपालकत्व नव्हे, कारण तेथे कुटुंब रक्ताचेच असते. तथापि अशा मुलांसाठी महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असून २०२३ पासून तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये झाले आहे. दोन्ही व्यवस्थांतील कागद वेगळे. मुलाच्या मनातील प्रश्न मात्र एकच: हे माणूस तरी राहील का?

या प्रश्नाची खूण अनेकदा शांतपणात दिसते, आणि तेथेच आपली फसगत होते. १९५२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने रुग्णालयात आठ दिवस एकटी राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले. त्या काळी आईवडिलांना मोजक्याच वेळी भेटू देत. आईपासून तुटलेली अशी मुले आधी आकांत करतात, मग खिन्न होतात आणि शेवटी अलिप्त होतात, असे त्याने दाखवून दिले. ती अलिप्तता पाहून मोठी माणसे ‘मूल रुळले’ असे समजत. प्रत्यक्षात त्याने आशा सोडलेली असे.

दुसरा दाखला रुमानियाचा. बुखारेस्ट येथे २००० साली अनाथालयांतील १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निम्मी बालके प्रतिपालक कुटुंबांत देण्यात आली. त्यांची बुद्धी, भाषा आणि माणसांविषयीची ओढ संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली वाढली. साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. त्या कुटुंबांच्या पाठीशी समाजसेवक सतत उभे होते, हेही ध्यानात ठेवावे. नुसते मूल सोपवून कोणी मोकळे झाले नव्हते.

आता आपल्या घराकडे वळू. असे मूल घरी आल्यावर पुढील गोष्टी दिसू शकतात. तपासणीत काही न सापडणारी पोटदुखी किंवा डोकेदुखी. सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले होणे. पोळी, बिस्किटे उशीखाली लपविणे. लहानशा कारणावरून थयथयाट. किंवा याउलट, नको इतके आज्ञाधारक वागणे. पोळी लपविणारे मूल चोर नसते. उद्या मिळेल याची त्याला खात्री नसते. अशा वेळी रागे भरण्यापेक्षा त्याच्या हाताला येईल असा एक डबा भरून ठेवावा आणि ‘हा तुझा, केव्हाही घे’ असे सांगावे. अंथरुणाची चर्चा पाहुण्यांसमोर करू नये. ‘असे वागलास तर परत पाठवीन’ हे वाक्य तर कितीही राग आला तरी उच्चारू नये. इतर मुलांना ती धमकी वाटते. या मुलांना ती बातमी वाटते. मात्र शारीरिक दुखणे नाहीच असे आपणच ठरवू नये. तपासणी आधी व्हावी. मुलाची पूर्वकथा डॉक्टरांना पहिल्याच भेटीत, मूल समोर नसताना, थोडक्यात सांगावी. मी विचारले नाही ही माझी चूक. आपण सांगितले असते, तर ती लवकर सुधारली असती.

सांभाळणाऱ्यांचे दुःख निराळे असते. आमच्या गावातील एका दांपत्याने समितीच्या आदेशाने सात वर्षांची एक मुलगी घरी आणली. तिची आई दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळली होती. पहिले काही महिने त्या घरातील सासूबाई मुलीशी बोलत नसत. “आपलं रक्त नाही, उगाच जीव कशाला लावा?” असे त्या मला म्हणाल्या होत्या. पुढे त्याच सासूबाई शाळेची वेळ झाली की फाटकापाशी उभ्या राहू लागल्या. चौदा महिन्यांनी आई बरी झाली आणि मुलगी आपल्या घरी गेली. सर्व काही योग्यच झाले होते. परंतु पुढच्या महिन्यात ती प्रतिपालक आई माझ्याकडे आली, तेव्हा तिचे वजन चार किलो उतरले होते, भूक मेली होती, पहाटे तीनला जाग येत होती. “रडायचं तरी कोणापुढं? सगळे म्हणतात, परक्याचं लेकरू होतं, आईकडंच गेलं ना, आनंद माना.” कोणी मेल्यावर दहा दिवस माणसे येतात. या दुःखाला यायला कोणी नव्हते. मी थायरॉइड तपासले, ते ठीक होते. मग औषधाऐवजी अर्धा तास दिला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले. सासूबाईही आल्या. त्या दिवशी दोघी एकाच बाकावर बसून रडल्या.

अशा घरातील ज्येष्ठांना माझे सांगणे आहे: जीव लावू नये हा सल्ला देऊ नका. मूल परत जाणार असले तरी आपण लावलेला जीव वाया जात नाही. कोणावर तरी विश्वास ठेवता येतो एवढे ते सोबत घेऊन जाते. मूल गेल्यावर सुनेला किंवा मुलीला ‘विसर आता’ म्हणू नका. त्याची आठवण घरात मोकळेपणाने निघू द्या. आणि मूल असताना त्याच्या जन्मदात्यांविषयी वाईट बोलू नका. आईला नावे ठेवली की ते स्वतःलाच ठेवल्यासारखे त्याला वाटते.

तिसरी व्यक्ती सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. ती म्हणजे समाजसेविका. त्या मुलीच्या घरी येणाऱ्या बाई छातीत जळजळ होते म्हणून एकदा माझ्याकडे आल्या. पहाटेची एसटी, अनेक गावांच्या गृहभेटी, पिशवीत मुलांच्या फाइली आणि दुपारचे जेवण बहुधा नाहीच. पण त्यांना अधिक बोचत होते ते वेगळेच. “मी दारात दिसले की ती पोर पलंगाखाली जाते, डॉक्टर. तिला आईजवळून मीच तर आणलं होतं.” मूल हलविले तर एक इजा, न हलविले तर दुसरी, यांतील कमी इजा कोणती हे ठरवून अहवाल लिहायचा, आणि दोन्ही बाजूंचा रोष घ्यायचा. त्यांनी पुढे एक साधी गोष्ट केली. कागद न काढता, काही न विचारता, नुसता चहा घेण्यासाठी त्या दोनदा जाऊन आल्या. तिसऱ्या वेळी मुलगी पलंगाखाली गेली नाही. आपल्या घरी अशी व्यक्ती आली तर तिला तपासनीस समजू नका. अडचणी लपवू नका. ‘आम्हाला जड जाते आहे’ हे वेळेवर सांगणे म्हणजे अपयश नव्हे. ते न सांगितल्यामुळे मूल अचानक परत पाठविण्याची वेळ येणे, हे अपयश.

सांभाळणारे स्वतः वयस्क असतील, तर काही गोष्टी या महिन्यातच कराव्यात. रक्तदाब, साखर, डोळे यांची तपासणी मुलाच्या लसीइतकीच नियमाने करावी. स्वतःचे औषध संपले म्हणून मुलाच्या वहीसाठी थांबवू नये. आठवड्यातून एक दुपार कोणी तरी मुलाला पाहील आणि आपण झोपाल, अशी व्यवस्था करावी. समितीचा आदेश, जन्माचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, शाळेचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत. रात्री-अपरात्री रुग्णालयात जावे लागले तर तीच उपयोगी पडते. अनुदानाची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी. मूल संकटात असेल तर १०९८ या क्रमांकावर केव्हाही दूरध्वनी करता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: आपल्यामागे कोण, हे ठरवून ठेवावे आणि मुलाला सांगावे. आपण हा विषय टाळतो, अशुभ मानतो. मूल मात्र रोज रात्री त्याचाच विचार करीत असते.

त्या आजींना मी हेच सांगितले. नातवाला खरे सांगणे त्यांना सर्वांत अवघड गेले. चार वर्षांत ‘माझी मुलगी वारली’ हे शब्द त्यांनी स्वतःही उच्चारले नव्हते. ‘गावाला गेली’ हे नातवासाठी जितके होते, तितकेच त्यांच्यासाठीही. शेवटी पुण्याहून मामा-मामी आले, आणि तिघांनी मिळून मुलाला जवळ घेऊन सांगितले. तो फारसा रडला नाही. “मला माहीत होतं,” एवढेच म्हणाला. मग त्याने विचारले, “आजीला काही झालं तर?” मामा म्हणाला, “तर तू माझ्याकडे. तुझी गादीसुद्धा ठरली आहे, खिडकीजवळची.” मीही त्याला सांगितले की आजीच्या साखरेवर लक्ष ठेवणे हे माझे काम आहे, त्याचे नाही. खोलीत रात्री बारीक दिवा राहू लागला. आजी झोपताना आपला पदर त्याच्या हातात देऊ लागल्या. बालसंगोपनाचा अर्जही भरला गेला.

मी दोघांचे केसपेपर एकत्र टाचले आहेत. गेल्या खेपेस साखर एकशे चाळीस निघाली. या वेळी औषध वाढवावे लागले नाही. पोटदुखीचा विषय निघाला नाही. मी विचारले, “रात्री उठवतो का अजून?”

“उठवतो की,” आजी म्हणाल्या, “पण आता एकदाच.”