उजेडाची साक्ष

उज्जयिनीस जाण्याचा आमचा बेत ठरला तेव्हा मातोश्रींनी एवढेच विचारले, "म्हाकाय व्हरतलो?" चौऱ्याहत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी असहकार पुकारलेला, आणि महाकालाची भस्मारती पहाटे चारची. आमच्या कन्येने तोड सुचविली. देवस्थान आरतीचे थेट दर्शन घडविते. आजीने मडगावच्या घरी बसून ते पाहावे. त्यावर मातोश्री म्हणाल्या, "तें दर्शन न्हय, तें चित्र."

कोर्टात आधी मुद्दे काढतात, मग पुरावा घेतात. मुद्दा तर मातोश्रींनीच काढून दिला होता. तो बरोबर घेऊनच आम्ही गाडीत बसलो.

आपल्या मंडळींना उज्जयिनी परकी नव्हे. महाकालाचे देऊळ आज उभे आहे ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखठणकर, म्हणजेच रामचंद्रबाबा शेणवी, यांनी अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात पुन्हा बांधविले. हे गृहस्थ मंगेशाचे भक्त. १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास दिला तोही यांच्याच शब्दावरून. क्षिप्रेच्या काठी उभे असताना प्रियोळची घाटी आठवावी, याला एवढे कारण पुरेसे आहे.

दुपारी वेधशाळा पाहिली. सवाई जयसिंगाने बांधलेली ही यंत्रे पुढे मोडकळीस आली. माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये त्यांचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा जाणता ज्योतिर्गणिती तेथे नेमला. सम्राट यंत्राच्या उतरत्या भिंतीची सावली शेजारच्या वक्र पट्टीवर पडते आणि वेळ सांगते. आमच्या घड्याळाशी ती जुळेना. जुळणार कशी? घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे, आणि उज्जयिनी त्याच्या पश्चिमेस असल्यामुळे सुमारे २७ मिनिटे मागे. सूर्य स्वतः येऊन साक्ष देतो आहे, मध्ये दुभाषा नाही, हे पाहून वकिलाच्या मनाला जे समाधान होते ते इतरांस कळणे कठीण.

सावली मात्र सूर्य कोठे आहे तेवढेच सांगते. तो कशाचा आहे हे काढून घ्यावयास उलटतपासणी लागते, आणि वर्णपटदर्शक ती करतो. उजेड लोलकातून नेला की त्याचे रंग पसरतात, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या जागी रेघ उमटविते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन या फ्रेंच पंडिताने गुंटूरहून सूर्यज्वाळांचा असा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकियरने इंग्लंडमध्ये ग्रहणावाचून तो पाहिला. तेथली एक पिवळी रेघ कोणत्याही ज्ञात द्रव्याची नव्हती. तिचा धनी हेलियम, तो पृथ्वीवर रॅम्झेला सापडला १८९५ मध्ये. साक्षीदार सत्तावीस वर्षे एकटा उभा राहिला आणि खरा ठरला! आमच्या कोकणात हा शोध विजयदुर्गावर लागल्याचे अभिमानाने सांगतात. लॉकियर तेथे आला होता खरा, पण १८९८ च्या ग्रहणास. अभिमानालाही तारीख पाहावी लागते.

पुढे हीच उलटतपासणी काचेच्या वाट्यास आली. केसासारख्या काचतंतूत शिरलेला उजेड आतल्या आत परावर्तन पावत वळणे घेतो, हे ठाऊक होते. पण थोड्या अंतरावर तो विझून जाई. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी हॉकहॅम यांच्यासह दाखविले की दोष काचेचा नव्हे, तिच्यातील लोहासारख्या अशुद्धीचा आहे. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक अंश जरी उरला तरी संदेश धाडता येतील, असा त्यांचा हिशेब. कोणता रंग काचेत किती शोषला जातो हे मोजीत मोजीत काच शुद्ध होत गेली. १३८३ नॅनोमीटरच्या आसपासची खूण तर काचेत लपलेल्या जलांशाची निघाली. आज किलोमीटरमागे शंभरातले पंचाण्णव अंश पुढे जातात. मग उज्जयिनी ते मडगाव दीड हजार किलोमीटरची वाट धरली, तरी काचेतल्या उजेडाला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही.

पण उजेड कोणाचा? रात्री रांगेत बसल्या बसल्या आम्ही हाच विचार करीत होतो. समईचा किरण कॅमेऱ्यापाशी संपतो. पुढे त्याचे आकडे होतात, आणि ते आकडे घेऊन धावतो दुसराच, यंत्रात जन्मलेला, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. मडगावी पडदा उजळतो तो तिसरा. साक्षीपुराव्याचा १८७२ चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तोंडी साक्ष प्रत्यक्ष पाहणाऱ्याचीच हवी हा नियम कायम आहे. या कसोटीला समईचा एकही किरण मडगावास पोचत नव्हता. निकाल मातोश्रींच्या बाजूने लागला होता, आणि तो त्यांना कळविण्यास आम्ही उतावीळ होतो.

आरती सुरू झाली. आमच्यापुढे एक खांब, खांबाच्या अलीकडे एक उंच गृहस्थ. भस्म चढताना स्त्रियांनी डोळ्यांवर पदर घ्यावा असा तेथला रिवाज आहे. पुकारा झाला आणि सभोवारचे पदर ओढले गेले, त्यावरूनच काय चालले असावे ते आम्ही ताडले. डमरू, झांजा, शंख सर्व ऐकले. ज्योत काही दिसली नाही.

उजाडल्यावर घरी फोन केला. तो कन्येने घेतला आणि हळू आवाजात सांगितले की, भस्म चढू लागताच आजीने पडद्यासमोर बसल्या जागी पदर डोळ्यांवर ओढला आणि संपेपर्यंत काढला नाही. माणसाचे वर्तनही पुराव्यात वाचतात. आम्ही तयार ठेवलेला निकाल तसाच गुंडाळला.

मग मातोश्री फोनवर आल्या. "देव दिसलो. ज्योत हालताली," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "तूं मात खंयच दिसलो ना."