बर्फ दिसला, फट दिसली नाही

आमच्या घरात फ्रिज आला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये, बारा हप्त्यांवर. त्याआधी आईच्या इन्सुलिनची बाटली शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये असायची. काकू मनाने मोठ्या, कधी कपाळाला आठी नाही. पण आईलाच अवघड वाटायचे. "रोज दोन येळा दुसऱ्याचं दार वाजवायचं, बरं दिसत न्हाई लेका," असे ती म्हणायची. तेव्हा वाचकहो, आमचा फ्रिज थंड पाण्यासाठी किंवा सरबतासाठी आलेला नाही. तो आईच्या औषधासाठी आला. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते त्यामुळेच मनाला अधिक लागले.

मी एका कचेरीत कारकून आहे. बी.कॉम. झालो आहे. कचेरी सुटल्यावर वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना हिशेब शिकवतो, लोकांचे दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. चार माणसे 'सर' म्हणतात. अशा माणसाला हळूहळू आपल्याला सगळेच कळते असे वाटू लागते. मलाही तसेच वाटत होते.

गोष्ट जुलै २०२२ ची. कल्याण पूर्वेला आमचे घर, खोली आणि स्वयंपाकघर एवढेच. त्या पावसाळ्यात फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फ साचू लागला. आधी पांढरी भुकटी दिसली. पंधरा दिवसांत तिचा दगड झाला. फ्रीझरचे छोटे झाकण लागेना. बर्फाचा ट्रे आत चिकटून बसला तो निघेना. खालच्या कप्प्यातले दूध मात्र नासू लागले. फ्रीझरमध्ये एवढा बर्फ आणि खाली दूध नासते, हे कोडे काही मला सुटले नाही. पण कोडे सुटले नाही म्हणून गप्प बसेन तर मी कसला सर! फ्रिज पुरेसा थंड होत नाही असे ठरवून मी आतली चकती फिरवून शेवटच्या आकड्यावर नेली. आणि पत्नीला सुनावले, "तुम्ही दिवसभर दार उघडता, गरम भांडी ठेवता, म्हणून हे होतंय."

ती एवढेच म्हणाली, "अहो, दार काय मी एकटीच उघडते?"

मी उत्तर दिले नाही. घरकाम दोघांनी वाटून घ्यावे यावर मी बैठकांतून बोलतो. फ्रिज आल्यापासून मी तो एकदाही पुसला नव्हता.

चकती वाढवल्यावर चौथ्या दिवशी सकाळी आईचे इन्सुलिन काढायला गेलो. बाटली फ्रीझरच्या अगदी खालच्या ट्रेमध्ये, वरच्या बर्फाला टेकलेली होती. हातात घेतली तर आतले औषध गोठलेले. नवी बाटली, दीडशे-पावणेदोनशे रुपयांची. महिन्याची वीस तारीख उलटून गेलेली. आता मी काय केले ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी ती बाटली तळहातात धरून बसलो. दहा-पंधरा मिनिटांत औषध पातळ झाले. आतल्या बाजूला काचेला बारीक पांढरे कण चिकटले होते. मी ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले. बाटली परत ठेवून दिली. घरात कुणालाही बोललो नाही.

पाचव्या दिवशी आई मोरीच्या दारात भोवळ येऊन बसली. तोंडाला कोरड, रात्रभर लघवीला उठणे. दवाखान्यात नेले तर साखर ३८६ भरली. डॉक्टरांनी विचारले, इन्सुलिन चुकले का? आई म्हणाली, "एक बी येळ चुकली न्हाई." ती खरे बोलत होती. खोटा मी होतो. मग मात्र मला गप्प राहवले नाही. बाहेर येऊन डॉक्टरांना एकट्याला गाठले आणि बाटलीची हकीकत सांगितली. ते रागावले नाहीत, पण त्यांनी सांगितलेले वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी ते वापरायचे नाही, टाकून द्यायचे. त्याची जागा २ ते ८ अंशांमध्ये, फ्रीझरपासून लांब. दिसायला औषध आहे, पण त्याने काम होईल याची खात्री राहिलेली नसते.

घरी आलो तो रागाने फणफणत. राग खरे तर स्वतःवरचा, पण तो निघाला बर्फावर. फ्रिजचे बटण बंद केले, एवढी अक्कल शिल्लक होती. मग पेटीतला स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन बर्फ फोडायला बसलो. पत्नी म्हणाली, "अहो, थांबा जरा, आपोआप वितळेल." मी ऐकले नाही. तिसऱ्या-चौथ्या घावाला आतून 'फुस्स' असा आवाज आला आणि येतच राहिला. पत्नीने चहाचे आधण ठेवले होते. तिने एका क्षणात शेगडी बंद केली, सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला आणि खिडकी व दार सताड उघडले. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच बसून होतो.

अभ्यासिकेत पूर्वी येणारा एक मुलगा आयटीआयमध्ये फ्रिज-एसी दुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स करून आता स्वतःचे काम करतो. त्याला फोन केला. तो संध्याकाळी आला. "जयभीम सर," म्हणाला आणि फ्रीझरमधले भोक पाहून हळूच हसला. मग फ्रिजच्या मागचे लेबल मला वाचून दाखवले. त्यावर ज्योतीचे चिन्ह होते आणि आर-६००ए असे लिहिले होते. म्हणाला, "सर, हा आयसोब्युटेन. सिलिंडरमधल्या गॅसच्याच कुळातला. पूर्वीच्या फ्रिजमध्ये जो गॅस असायचा तो आकाशातल्या ओझोनच्या थराला खात होता, म्हणून १९८७ मध्ये माँट्रियलला जगाचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. मग तो गॅस बंद होत गेला. आताचा गॅस ओझोनला खात नाही, पण तो पेट घेतो. फ्रिजमध्ये तो शंभर ग्रॅमसुद्धा नसतो. तरी लहान खोलीत पेटती शेगडी शेजारी असली तर धोका आहेच. आणि त्याला सिलिंडरसारखा वास घातलेला नसतो. वहिनींनी केलं तेच बरोबर. आग बंद, खिडक्या उघड्या, आणि कुठल्याही बटणाला हात नाही."

पत्नी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. मी मान खाली घातली.

मला वाटले, आता तो भोक बुजवण्याच्या मागे लागेल. पण त्याने माझ्याकडे दहा रुपयांची नोट मागितली. दारात नोट धरून दार लावले आणि नोट ओढली. वरच्या बाजूला ती घट्ट होती. कडीच्या बाजूला घट्ट होती. बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मात्र ती लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. तिथे दाराचे रबर काळ्या बुरशीने माखून कडक झाले होते. मग त्याने वाकून खाली पाहिले. "सर, मागच्या पायांखाली हे फरशीचे तुकडे कुणी ठेवले?"

मीच ठेवले होते. आदल्या पावसाळ्यात घरात पाणी आले तेव्हा फ्रिज उचलायचा म्हणून. पुढच्या पायांखालचे तुकडे केव्हातरी निघून गेले असावेत. त्यामुळे फ्रिज पुढे झुकला होता. फ्रिज किंचित मागे कललेला असेल तर दार आपल्या वजनाने लागते. आमचे दार उलट, लावले तरी केसभर उघडे राहत होते.

"बर्फ हा हवेतल्या पाण्याचा होतो सर," तो सांगू लागला. "पावसाळ्यात आपल्याकडची हवा पाण्याने भरलेली. फटीतून ती दिवसरात्र आत जाते. फ्रीझरचा पत्रा शून्याच्या बराच खाली. हवेतली वाफ त्याला लागली की तिथंच गोठते. आणि बर्फाचा थर म्हणजे पत्र्यावर गोधडी घातल्यासारखं. पत्र्याची थंडी खाली उतरत नाही, म्हणून दूध नासतं. बर्फाला टेकलेली वस्तू मात्र गोठते. तुम्ही चकती वाढवली, म्हणजे मोटर जास्त चालली, बर्फ जास्त झाला, वीजबिल वाढलं."

मी मुलांना शिकवतो की ताळेबंद जुळला नाही तर शेवटच्या बेरजेवर खाडाखोड करू नये, चुकीची नोंद कुठे झाली ते शोधावे. इथे मी बेरजेवरच हातोडी चालवली होती.

पत्रा दुरुस्त करून, नळी रिकामी करून गॅस भरायला तीन दिवस गेले. रबर नवे बसवले. सगळे मिळून साडेचार हजार रुपये झाले. पावणेदोनशेची बाटली वाचवायला निघालो होतो! तो मुलगा मजुरी घेईना. "तुमच्याकडून कशी घेऊ सर?" म्हणाला. मी म्हणालो, "कामाचे दाम घ्यायला मीच शिकवले ना? मग घे." तेव्हा कुठे घेतली. ते तीन दिवस आईची नवी बाटली पुन्हा काकूंच्या फ्रिजमध्ये होती.

वाचक भगिनींनो आणि बांधवांनो, तुमच्याही घरी एकदारी फ्रिज असेल तर त्याने सांगितलेले आणि मी आता दर महिन्याला करतो ते इथे देतो. बर्फाचा थर पाव इंचाच्या आसपास गेला की तो काढावा, दगड होईपर्यंत थांबू नये. अशा बहुतेक फ्रिजमध्ये चकतीच्या मध्यभागी एक बटण असते. ते दाबले की मोटर थांबते, बर्फ वितळतो आणि मग मोटर आपोआप सुरू होते. थर जाड असेल तर फ्रिज बंद करून पिनही काढावी, सामान बाहेर ठेवावे, खाली जुनी फडकी अंथरावीत आणि फ्रीझरमध्ये जाड कापडावर गरम पाण्याचे पातेले ठेवून दार उघडे सोडावे. तास-दोन तासांत बर्फ आपणहून सुटतो. सुटलेला तुकडा हाताने किंवा लाकडी उलथन्याने घ्यावा. सुरी, स्क्रूड्रायव्हर, हातोडी नको. मीठही टाकू नये, पत्रा खराब होतो. शेवटी आतून कोरडे पुसावे, नाहीतर राहिलेल्या पाण्याचाच पुन्हा बर्फ होतो.

दाराचे रबर कोमट साबणाच्या पाण्याने, घडी उघडून आतपर्यंत पुसावे. नोट लावून चारी बाजू तपासाव्यात. रबर फक्त वाकले असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकून ते सरळ होते; चिरले असेल तर बदलावे. गरम भांडे निवल्यावर, झाकण लावून ठेवावे. चकती एरवी मधल्या आकड्यावर पुरते. फ्रिजच्या मागे खाली पाण्याचा ट्रे असतो, तो आठवड्याला रिकामा करून घासावा. डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. ज्यांच्याकडे पंख्याचा, आपोआप बर्फ काढणारा मोठा फ्रिज आहे, त्यांच्या फ्रीझरमध्ये थर दिसला तर दार आणि रबर पाहून घ्यावे. ते ठीक असेल तर आतला हीटर, पंखा वा सेन्सर बिघडला असण्याची शक्यता असते. तिथे जाणकारालाच बोलवावे.

आणि इन्सुलिन मधल्या कप्प्यात, डब्यात घालून, फ्रीझरपासून आणि मागच्या भिंतीपासून लांब ठेवावे. गोठले तर टाकून द्यावे आणि लगेच घरात सांगावे.

हे शेवटचे मला सर्वांत जड गेले. आईची साखर उतरल्यावर एका रात्री तिच्या पायाशी बसून मी बाटलीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाटली गेली तर गेली. शंभरदा जाईल. पर मला सांगायचं हुतंस. मी घ्यायची न घ्यायची, माजं मी ठरीवलं असतं."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फ्रिज पुसण्याचे काम आता माझ्याकडे आहे. खिशातली नोट काढून दाराच्या चारी बाजूंना लावतो. आई खाटेवरून बघत असते. खालच्या कोपऱ्यात नोट अडली की मी "घट्ट आहे" म्हणतो आणि ती मान हलवते.