चाचीचं अँथुरियम

झाडालाही थंडी बाधते, हे आम्हाला मालेगावला परतल्यावर कळलं. आम्ही मूळचे इथलेच. दिवाळी उलटली की इथे गोधड्या बाहेर निघतात, रात्रपाळी करून कारखान्यातून सुटलेले लोक कान बांधून टपरीवर चहा घेतात आणि जिल्ह्यातल्या निफाडचा पारा किती खाली गेला हे पेपरात पहिल्या पानावर येतं. त्या थंडीचं आम्हाला ना कौतुक, ना भीती. पण आमच्यासोबत जे झाड आलं, ते या हवेचं नव्हतं.

२०१३ ते २०२१ आम्ही दोघं श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात उर्दू हायस्कूलला शिकवत होतो. मालेगावची पोरं शिक्षक होऊन कोकणात जातात, ही इकडची जुनीच रीत. तिथल्या आमच्या घरमालकीणबाईंना सारं गाव चाची म्हणे, आम्हीही म्हणायचो. मुलगा कुवेतला. घरामागे सुपारीची वाडी, आणि वाडीच्या सावलीत अँथुरियमची रांगच्या रांग. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. सुपारी आडवी झाली, सावली गेली, खालची झाडं काही मोडली, उरलेली पुढच्या उन्हात करपली. पडवीतली एक कुंडी तेवढी वाचली. आम्ही गाव सोडताना चाचीने तीच आमच्या हातात दिली. "मास्तर, माझ्याच्यानं आता होत नाय. तुम्ही सांभाळा." २०२३ साली चाची अल्लाहला प्याऱ्या झाल्या. तसं अँथुरियम नर्सरीत पैसे टाकले की मिळतं. चाचीच्या वाडीतलं मात्र हे एकच.

या झाडाचं मूळ घर कोलंबिया आणि एक्वादोरची ओली जंगलं. एदुआर आंद्रे नावाच्या फ्रेंच माणसाला ते १८७६ साली तिकडे सापडलं, म्हणून शास्त्रीय नावात त्याचं नाव. लाल, चकचकीत, हृदयाच्या आकाराचं जे आपण फूल म्हणून बघतो, ते खरं फूल नव्हेच. तो एक पानाचाच प्रकार. खरी फुलं मधल्या दांडीवर, बारीक दाण्यांसारखी. वर्गात हे सांगितलं की पोरं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग भिंग मागतात.

अशा जंगलात रात्र गार असली तरी बोचरी नसते. १८ ते २८ अंशांत हे झाड खूश. १५ च्या खाली ते वाढ आखडून घेतं आणि १० च्या खाली त्याला इजा होते. बर्फ पडायला लागत नाही. आम्ही डिसेंबरात आलो, कारण नव्या शाळेने हजर व्हायची तारीखच तशी दिली होती. सामान उघड्या टेम्पोत. कसारा घाट रात्री चढला, पहाटे चांदवड मागे पडलं. घरी उतरवलं तेव्हा झाड अगदी ठणठणीत. तीन दिवसांनी पानांवर काळपट, पाण्यात भिजल्यासारखे डाग उमटले. थंडीचा मार असा उशिरा दिसतो. पेशीभोवतीचं पटल, उर्दूत ज्याला झिल्ली म्हणतात, त्यात स्निग्ध पदार्थ असतात. थंडीत खोबरेल जसं बाटलीत थिजतं, तसं काहीसं तिथे होतं. झिल्लीची लवचिकता गेली की आतला रस बाहेर झिरपतो आणि डाग पडतो. पडलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही.

सगळ्यांनी सल्ला दिला, डागाळलेली पानं छाटा. आम्ही छाटली नाहीत. अँथुरियमला फूल येतं ते पानाच्या देठाच्या बगलेतून, एका पानामागे एक. अर्धं हिरवं पानही झाडाला खाऊ घालत असतं. पूर्ण पिवळं पडेल तेव्हाच ते काढायचं. शेजारच्या हाजी साहेबांनी तर मोठ्या मनाने सांगितलं, कुंडी आमच्या कारखान्यात ठेवा, लूमच्या मोटरींनी तिथे गरम असतं. गरम असतं हे खरं, पण रुईचे तंतू पानावर बसले की झाडाचा श्वास कोंडतो. आणि त्या खडखडाटात चाचीचं झाड ठेवायला आमचं मनही होईना.

तेव्हापासून आमचा हिवाळा ठरलेला. नोव्हेंबर लागला की कुंडी आतल्या खोलीत. दिवसा खिडकीजवळ, पण अंगावर थेट ऊन न घेता; मगरिबनंतर खिडकीपासून चार हात आत, कारण रात्री काच बर्फासारखी होते. आम्ही एक थर्मामीटर टांगलाय. गच्चीवर ८ असताना आतल्या खोलीत १५ दिसतं, आणि तेवढ्यावर झाड निभावतं. चूल-शेगडीजवळ ते कधीच ठेवत नाही.

पाण्याचं जास्त सांभाळावं लागतं. थंडीपेक्षा झाडं मरतात ती थंडीतल्या ओलीने. याची मुळं जाड, पांढरी, हवा मागणारी. म्हणून कुंडीत माती नाहीच, नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटेचा चुरा. बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, आठ-दहा दिवसांनी, दुपारी, उन्हात ठेवलेल्या बादलीतलं कोमट. पहाटेचं नळाचं गार पाणी मुळांना झटका देतं. खत फेब्रुवारी सरेपर्यंत बंद. इथली कोरडी हवा पानांच्या कडा तपकिरी करते, तर कुंडीखाली ताटलीत खडे आणि पाणी ठेवतो. पाणी खड्यांच्या खाली, कुंडीला टेकू द्यायचं नाही. आमच्या अम्मी म्हणतात, "सून बाळंत झाली तेव्हा इतकं नव्हतं केलं कुणी." त्यांचंही खरं असेल.

फुलं मात्र हिवाळ्यात फारशी येत नाहीत. दिवस लहान, उजेड कमी. चाची फोनवर दर वेळी एकच विचारायच्या, "फुललं काय?" आम्ही म्हणायचो, थंडी सरू दे, चाची. २०२३ च्या मार्चात पहिली लाल कळी आली, ती उमलून दीड महिना राहिली. फोटो त्यांना पोचला होता.

आता त्यांच्या मुलाने कुवेतहून विचारलंय, घर दुरुस्त केलंय, पडवीत लावायला एक फुटवा मिळेल का. बुडाशी दोन फुटवे आहेत, त्यांना स्वतःची मुळंही सुटलीत. पण थंडीत वेगळे केले तर जखम भरणार नाही, कुजेल. मे महिन्यात नेले तर इथल्या बेचाळीस अंशांत वाटेतच वाळतील. म्हणून मार्चचा दुसरा आठवडा ठरलाय. दिवसाची गाडी, आणि कुंडी मांडीवर.