सिंधूच्या शेजारची गीता

मुख्य पात्राचा स्वभाव उठून दिसावा म्हणून लेखक त्याच्या शेजारी निराळ्या वृत्तीचे जे पात्र उभे करतो, त्याला प्रतिपात्र म्हणता येईल. ते खलपात्र असतेच असे नाही, कारण नायकाची वाट अडवण्यापेक्षा त्याच्याशी ताडून पाहिले जाणे हेच त्याचे काम असते. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात अशा पात्रांची वीण विलक्षण घट्ट आहे, आणि निरनिराळ्या वयांत हे नाटक पुन्हा हाती घेणाऱ्या वाचकाची नजर नायक-नायिकेकडून हळूहळू त्यांच्या शेजाऱ्यांकडे वळत जाते.

शाळकरी वयात मनात भरतो तो तळीराम. दारुड्यांच्या आर्य मदिरा मंडळाच्या गप्पांना हसताना, नायक सुधाकराला दारूच्या वाटेवर नेणारा हाच, हे भान त्या वयात फारसे टिकत नाही. तारुण्यात मात्र सगळे लक्ष सुधाकराची पत्नी सिंधू वेधून घेते. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये नाटक रंगभूमीवर आले तेव्हा बालगंधर्वांनी साकारलेली ही पतिव्रता, दुसऱ्यांचे दळण दळून संसार ओढणारी आणि नवऱ्याच्या हातून झालेला घातही पोटात घालणारी, वाचकाला हेलावून टाकते.

तळीरामाची बायको गीता दिसू लागते ती पुढे, संसाराचे चटके बसल्यावर. तिचाही नवरा दारुडाच, परंतु ती त्याला तोंडावर सुनावते, भांडते, आणि म्हणूनच बराच काळ केवळ विनोदी प्रवेशांपुरती वाटते. वास्तविक या नाटकातील सर्वांत धाडसी योजना तीच होय: गीता नसती तर सिंधूचे सोसणे हा स्त्रीजातीचा स्वभावच मानला गेला असता, पण त्याच संकटात दुसरी स्त्री बोलते आहे हे प्रेक्षकाने पाहिले की सिंधूचे मौन हा तिने घेतलेला निर्णय ठरतो, आणि निर्णय म्हटला की तो योग्य होता का, असे विचारण्याची मुभा मिळते. गडकऱ्यांची सहानुभूती नि:संशय सिंधूकडे आहे. तरीही गीतेच्या तोंडची भाषा त्यांनी बोथट केली नाही, हा त्यांच्या प्रतिभेचा प्रामाणिकपणा आहे.

उतारवयात रामलाल जवळचा वाटतो. एरवी उपदेशक भासणारा सुधाकराचा हा मित्र, सुधाकराची बहीण शरद हिच्याविषयीच्या स्वतःच्या ओढीत घसरू लागतो आणि सावरतो. सुधाकराचे न सावरणे त्यामुळे दैवाच्या माथी मारता येत नाही.