वेळेआधींचें मृत्युपत्र

एखाद्याच्या मरणाची खोटी वार्ता उठली, तर त्याचें आयुष्य वाढतें, अशी आपल्याकडे समजूत आहे. मानुएल द ओलिव्हेरा ह्या पोर्तुगीज चित्रपट-दिग्दर्शकांनीं तर आपल्या निरोपाची तयारी स्वतःच करून ठेविली, आणि नंतर ते तेहेतीस वर्षें जगले!

त्यांचा जन्म १९०८ सालीं पोर्तो शहरीं झाला. वडील कारखानदार, तारुण्य खेळांत व मोटारींच्या शर्यतींत गेलें. १९३१ सालीं त्यांनीं दोरू नदीकांठच्या कष्टकऱ्यांवर एक मूकपट काढला. १९४२ सालचा ‘अनिकी-बोबो’ हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट, पोर्तोच्या गल्ल्यांतील मुलांविषयींचा. पण तो चालला नाहीं. पुढचीं चौदा वर्षें त्यांच्या हातून एकही चित्रपट झाला नाहीं. ते घरचा कारभार आणि द्राक्षमळे पाहत राहिले. सालाझारच्या राजवटींत, १९६३ सालीं, त्यांना कांहीं दिवस तुरुंगही पाहावा लागला.

१९७४ सालीं ती राजवट उलथली. पण त्या धामधुमींत वडिलार्जित कारखाना बुडाला, व कर्जापायीं राहतें घर विकणें भाग पडलें. तेथें त्यांचीं सुमारें चाळीस वर्षें गेलीं होतीं. ज्यांनीं वडिलार्जित वाडा सोडला आहे, त्यांना हें दुःख समजावून सांगावयास नको. ओलिव्हेरांनीं १९८२ च्या सुमारास त्या घराचाच चित्रपट केला. त्यांत दोन अदृश्य पाहुणे घरभर हिंडतात, आणि मालक आपल्या संसाराची हकीकत सांगतो. हा चित्रपट आपल्या पश्चातच दाखवावा, अशी त्यांची अट होती.

तेव्हां त्यांचें वय त्र्याहत्तर होतें. गंमत ही कीं, त्यांच्या मोठ्या चित्रपटांपैकीं बहुतेक त्यानंतरचेच आहेत! १९९० पासून तर जवळजवळ वर्षाला एक. २००३ च्या एका चित्रपटांत लिस्बनची एक प्राध्यापिका लहान मुलीला घेऊन जहाजानें मुंबईस निघते. वैमानिक पति तेथें भेटावयाचा असतो. एडन सोडल्यावर जहाज बाँबनें उडतें, मुंबई दूरच राहते. चौऱ्याण्णवाव्या वर्षींही ह्या माणसाला गोड शेवटाचा मोह पडला नाहीं. २०१५ सालीं, १०६ व्या वर्षीं, ते वारले. तेव्हां कुठें तो घराचा चित्रपट लोकांना दिसला.

दीर्घायुष्य कोणाच्या हातचें नसतें, आणि पडत्या काळांत आधाराला द्राक्षमळेही सर्वांना नसतात, हें मी जाणतों. पण आपल्या घरांतून साठी उलटली कीं वडील माणसाला आदरानें कोपऱ्यांतली खुर्ची मिळते, व त्या आदरांतच ‘आतां आपलें काम संपलें’ असा निरोपही असतो. मीही त्याच खुर्चींत बसलों आहें. ओलिव्हेरांनीं निरवानिरव केली, ती मात्र काम आटोपण्यासाठीं नव्हे. किल्ल्या दुसऱ्याच्या हवालीं करून ते पुढल्या चित्रपटाला लागले. निरवानिरव माझीही झाली आहे. राहिलें आहे तें पुढचें.