बाईंचं देणं

पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला तो न्यायालयामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला आणि दशकभराने पदवीच्या वर्गांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा अभ्यासक्रम आला. आमच्या वर्गापर्यंत पोचला तेव्हा त्यात उरलं होतं एक गाईड आणि वरच्या वर्गातल्या मुलांकडून उतरवून घेतलेली प्रकल्पाची वही. मीही तेवढंच करून मोकळी झाले असते. झाले नाही, ते वनस्पतिशास्त्राच्या आमच्या बाईंमुळे.

बाई प्रकाश गोळे यांच्या विद्यार्थिनी. गोळे सरांनी १९८२ मध्ये पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. लडाखमधल्या काळ्या मानेच्या क्रौंचांपासून आपल्या मुळा-मुठेपर्यंत त्यांनी स्वतः हिंडून अभ्यास केला, पानशेतकडच्या उजाड उतारांवर निसर्ग पुन्हा कसा उभा राहतो ते करून पाहिलं. नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा त्यांचा पदविका अभ्यासक्रम बाईंनी नोकरी सांभाळून केला. सर २०१३ मध्ये गेले. मला ते वर्गात कधी लाभले नाहीत. जे मिळालं ते बाईंच्या हातून.

बाईंनी एकदा आम्हाला वेताळ टेकडीवर नेलं. पाऊस सरून गवत पिवळं पडायला लागलं होतं. त्यांच्या पिशवीत दोन्ही तोंडं कापलेला रंगाचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि एक खुरपं. डबा गवतात दाबून बसवायचा, लिटरभर पाणी ओतायचं आणि जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. गवतात पाणी बघता बघता नाहीसं झालं. गिरिपुष्पाच्या झाडाखाली जरा रेंगाळलं. लोकांच्या पायांनी मळलेल्या वाटेवर मात्र ते डब्यात तसंच उभं राहिलं.

‘‘खाली दगड असणार,’’ एक मुलगा म्हणाला.

‘‘कशावरून?’’ बाईंनी खुरपं त्याच्या हातात दिलं.

त्याने उकरलं. दगड नव्हता, वर चेपून घट्ट झालेला मुरूम आणि त्याखाली भुसभुशीत माती. आम्हाला वाटलं, आता बाई समजावून सांगतील. त्यांनी उलट विचारलं, ‘‘मग पावसाळ्यात इथलं पाणी जातं कुठे?’’ वाटेच्या कडेला पाण्याने कोरलेली घळ धरून आम्ही उतरत गेलो, ती ओढ्याला मिळाली आणि ओढा एका सोसायटीच्या भिंतीशी येऊन पाइपात शिरला. तिथे उभ्या उभ्याच बाईंनी आमच्याकडून वहीत नकाशा काढून घेतला.

नदीचंही तसंच. खडकवासल्याच्या वर, वाहत्या ओढ्यातला दगड उलटा केला की खाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या चिकटलेल्या दिसायच्या. शहरातल्या मुठेच्या गाळात रक्तासारख्या लाल अळ्या. लाल कशाने? त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या तगतात. हे आम्हाला पुस्तकात सापडलं, पण प्रश्न आधी आमच्या तळहातावर वळवळला होता. उत्तर शोधायला आम्ही स्वतःहून ग्रंथालयात गेलो, हे मला आजही फार मोठं वाटतं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं दगावली. दुसऱ्या दिवशी जो तो किती पाऊस पडला ते सांगत होता. माझ्या डोक्यात प्रश्न होते ते वेगळे : कात्रजच्या उतारांवर किती पाणी जिरलं असतं, ओढ्याचं पात्र किती अरुंद झालंय, आणि हे आधी कुणी मोजलं होतं का? असे प्रश्न पडण्याची सवय बाईंनी लावली.

आता मी हाच विषय शिकवते. बाई निवृत्त आहेत. त्यांना भेटायला गेलं की मुलांना कुठे नेलं, त्यांनी काय विचारलं, एवढंच विचारतात. त्यांचं देणं मी त्यांना परत करू शकत नाही. ते पुढच्या वर्गालाच द्यावं लागतं.

म्हणून पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती : प्रकल्पाच्या वह्या यंदा तपासू नका. तासाभराच्या अंतरावर टेकडी आहे, नदी आहे. मुलांना तिकडे न्या, त्यांना काहीतरी मोजायला द्या, आणि त्यांचं मोजून होईपर्यंत तुम्ही काही सांगू नका.