आग्या मोहोळाखालून जाताना

सह्याद्रीच्या कड्यांना आणि किल्ल्यांच्या बुरुजांना आग्या मोहोळं लगडलेली असतात. पोळं एकच, उघड्यावर, कधी हात-दीड हात, तर कधी माणसाच्या कवेत न मावणारं. मोठी गांधीलमाशी शिकारीला घिरट्या घालू लागली की शेकडो माश्या एकामागोमाग एक पोटं उचलतात आणि पोळ्यावरून चमकती लाट धावत जाते. इतकं देखणं संरक्षण मी दुसरं पाहिलेलं नाही.

नांगी मधमाशी आणि गांधीलमाशी या दोघींनाही असते आणि ती फक्त माद्यांनाच. अंडी घालण्याच्या नळीचंच ते बदललेलं रूप. पण मधमाशीच्या नांगीवर गळासारखे उलटे काटे असतात. आपल्या लवचीक कातडीत ती रुतली की सुटत नाही. माशी उडू बघते तेव्हा नांगी, विषाची पिशवी आणि पोटाचा थोडा भाग तुटून मागे राहतो. माशी मरते, मागे राहिलेले स्नायू मात्र विष ढकलतच राहतात. तिथूनच पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो हुंगून बाकीच्या धावून येतात. मोहोळासाठी जीव टाकणं म्हणतात ते हेच. गांधीलमाशीची नांगी त्या मानानं गुळगुळीत. ती टोचते, उपसते, पुन्हा टोचते आणि निघून जाते.

विषंही वेगळी. मधमाशीच्या सुक्या विषात निम्म्याच्या आसपास मेलिटिन असतं, पेशींची आवरणं फोडणारं. गांधीलमाशीच्या विषात ते नसतं, तरी आग तिच्याही डंखाची होतेच. बहुतेकांची सूज, खाज काही दिवसांत ओसरते. एखाद्याचं शरीर मात्र एकाच डंखानं बिथरतं. अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. अशा वेळी चुना लावण्यात किंवा लोखंड घासण्यात गेलेलं प्रत्येक मिनिट जिवावर बेतू शकतं. मांडीत वेळेवर दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच तारतं.

म्हणून मधमाशी चावली तर आधी तिथून लांब पळा. रुतलेली नांगी नखानं, जमेल तशी, पण लगेच काढा. चिमटा शोधत बसू नका. श्वास अडखळला तर थेट दवाखाना गाठा. आणि गडावर जाल तेव्हा मोहोळाखाली चूल पेटवू नका, दगड भिरकावू नका. त्या माश्यांना मरायला लावू नका.